शवविच्छेदनाच्या कागदावर ‘मत राखून ठेवले’ असतं, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

मोहोळ तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचा चुलत भाऊ, वय चाळिशीच्या आत, ऐन उन्हाळ्यात एका रात्री शेतावरून परत आलाच नाही. दुसरा दिवस शोधाशोधीत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बांधीव विहिरीत प्रेत तरंगताना दिसलं. सोलापूरला पोस्टमॉर्टेम झालं. डोक्याला मागच्या बाजूला जखम होती, ओठ आणि कानाची पाळी कुरतडल्यासारखी दिसत होती. हातात आलेल्या कागदावर मृत्यूचं कारण म्हणून एवढंच लिहिलं होतं: ‘मत राखून ठेवले, व्हिसेरा राखून ठेवला.’ (व्हिसेरा म्हणजे प्रयोगशाळेत तपासायला काढून ठेवलेले आतल्या अवयवांचे भाग.) गावात कुजबुज आहे की डॉक्टर मॅनेज झाले. वाचकाला जाणून घ्यायचंय, आत टेबलावर काय करतात, कागदावर काय उतरवतात, आणि कारण लिहायला डॉक्टरला अडचण काय होती?

मी न्यायवैद्यकशास्त्राचा डॉक्टर. सोलापुरात बरीच वर्षं हेच काम करतोय. हा विशिष्ट अहवाल मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्या मृत्यूचा निवाडा इथे करणार नाही. पण तिसऱ्या दिवशी विहिरीतून काढलेलं प्रेत, तेही उन्हाळ्यात, म्हटल्यावर डॉक्टरनं ‘मत राखून ठेवले’ लिहिलं याचं मला जराही आश्चर्य वाटलं नाही. त्याच दिवशी छातीठोकपणे ‘बुडून मृत्यू’ लिहून टाकलं असतं, तर मात्र मी चार प्रश्न विचारले असते.

आधी कागदांचं बघू, कारण सुरी लागण्यापूर्वी कागद लागतो. अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद होते. बोलीत सगळे ‘ए.डी. दाखल’ म्हणतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. पंचांसमोर प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा होतो, मग पोलीस आम्हाला विनंतीपत्र देतात. सोबत आलेला पोलीस शिपाई आणि नातेवाईक प्रेत ओळखतात, त्याची नोंद होते. यातलं काही अपुरं असेल तर आम्ही हात लावत नाही. सिव्हिलच्या आवारात झाडाखाली बसलेले नातेवाईक ‘डॉक्टर उशीर करतायत’ म्हणून चिडतात, तेव्हा पुष्कळदा आम्हीही आत पंचनाम्याचीच वाट बघत असतो.

लग्नाला सात वर्षं झालेली नसताना विवाहितेचा मृत्यू झाला, तर पंचनाम्याला तहसीलदार दर्जाचा कार्यकारी दंडाधिकारी येतो. पोलीस कोठडीतल्या किंवा तुरुंगातल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात, आणि अशा शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं असा आग्रह राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं १९९५ पासून धरला आहे. आणखी एक, कारण यावरून शवागाराच्या दारात हमखास वाद होतात: पोलीस केसमधल्या शवविच्छेदनाला नातेवाइकांची संमती लागत नाही. ‘आम्हाला चिरफाड नको, आमची कुणावर तक्रार नाही’ असं लिहून दिलं तरी डॉक्टरला ते थांबवता येत नाही. रात्रीचं म्हणाल तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतरही परवानगी दिली, पण सोयी असतील तिथेच, आणि रात्रीच्या प्रत्येक शवविच्छेदनाचं चित्रीकरण करून. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत किंवा घातपाताचा संशय असेल, तर कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिल्याशिवाय ते रात्री करत नाहीत. नैसर्गिक उजेडात कातडीचा रंग जसा दिसतो तसा ट्यूबलाइटखाली दिसत नाही, या नियमामागे एवढं साधं कारणही आहे.

आता टेबलावर. लोकांना वाटतं पोस्टमॉर्टेम म्हणजे कापाकापी. निम्मं काम कापण्याआधीच होतं. कपडे आधी, अंगावर आहेत तसे: कुठे फाटले, कुठे डाग, गुंड्या तुटल्यात का, खिशात काय. ओले कपडे वाळवल्याशिवाय पाकिटात भरायचे नाहीत, नाहीतर बुरशी धरते आणि डागाची माती होते. मग शरीराची ताठरता, आणि खालच्या बाजूला रक्त साकळून पडलेले डाग. मृत्यू कधी झाला याचा अंदाज यावरूनच बांधतात. पुस्तकात ताठरतेचा बारा-बारा-बारा तासांचा ठोकताळा दिलेला असतो: बारा तासांत भरते, बारा तास राहते, बारा तासांत उतरते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा हे गणित पार कोलमडतं. सगळंच लवकर येतं आणि लवकर जातं. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला कुजण्याची पहिली हिरवट छटा थंडीत यायला एक-दोन दिवस घेते, उन्हाळ्यात ती बारा ते अठरा तासांत दिसू लागते. म्हणून ‘रात्री नेमक्या किती वाजता गेला?’ याला डॉक्टरनं मिनिटाचं उत्तर दिलं, तर ते उत्तर संशयानं बघा. आम्ही अमुक ते अमुक तास अशी मर्यादाच देतो, आणि शेवटचं जेवण कधी झालं हे घरच्यांना विचारून जठरातल्या अन्नाशी ताडून पाहतो.

मग जखमा. इथे माझा हात आखडता नसतो, आणि विद्यार्थ्यांचाही असू देत नाही. प्रत्येक जखमेचा प्रकार लिहायचा: खरचटलेलं, मुका मार, फाटलेली, कापलेली, भोसकलेली. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, फूटपट्टी लावून. नुसतं ‘डोक्याला जखम’ लिहिणं म्हणजे न लिहिल्यासारखंच. ती कानाच्या मागे किती अंतरावर, मध्यरेषेच्या डावीकडे की उजवीकडे, कडा सरळ की ओबडधोबड, तळाशी तंतू शिल्लक आहेत का, आत माती, शेवाळ, दगडाचा चुरा आहे का, हे सगळं यायला हवं. मुक्या माराचा रंगही लिहायचा. ताजा लालसर, मग निळा-काळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, त्यानंतर पिवळा पडत जातो. एकाच अंगावर निळा आणि पिवळा असे दोन्ही डाग असतील, तर मार एकदाच बसलेला नाही. सासरी छळाच्या प्रकरणांत ही एक ओळ कधी कधी साऱ्या केसचा कणा ठरते.

महाराष्ट्रात जो छापील नमुना वापरतात त्यात बाहेरच्या जखमा १७ व्या रकान्यात जातात. हाड मोडल्यासारखं हाताला लागलं तर ते १८ व्या रकान्यात, डोक्याच्या आतलं १९ मध्ये, छाती २० मध्ये, पोट २१ मध्ये. कोर्टात वकील उभे राहिले की पहिला प्रश्न ‘डॉक्टर, कॉलम सतरा पाहा’ असाच असतो. तुम्हीही कागद हातात आला की शेवटच्या ओळीकडे धावू नका. १७ आणि १९ शेजारी शेजारी ठेवून वाचा. बाहेर कवटीवर फाटलेली जखम आहे, पण १९ मध्ये कातडीखाली रक्त साकळलेलं नाही, हाड शाबूत, मेंदूवर रक्तस्राव नाही, असं असेल तर त्याचा अर्थ एक. हाड खोल दबलंय आणि दबलेल्या जागेला हत्याराचा आकार आहे, तर अर्थ अगदी वेगळा.

आतली तपासणी म्हणजे डोकं, छाती आणि पोट या तिन्ही पोकळ्या उघडायच्या. एक उघडून ‘कारण सापडलं’ म्हणून थांबायचं नाही. कवटीसाठी छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे केसांतून घेतात, म्हणजे नंतर चेहऱ्यावर काही दिसत नाही. धडावरचा छेद हनुवटीखालून ओटीपोटापर्यंत, बेंबीला वळसा घालून. प्रत्येक अवयव बाहेर काढून वजन करायचं, कापून बघायचं, लिहायचं. फाशीच्या किंवा गळा आवळल्याच्या संशयात क्रम बदलतो: आधी डोकं, मग छाती आणि पोट, गळा सगळ्यात शेवटी. मानेतल्या शिरांमधलं रक्त निघून गेलेलं असलं की गळ्याचे स्नायू थर-थर सोडवता येतात, आणि खरा मार कोणता, कापताना सांडलेलं रक्त कोणतं याचा घोळ होत नाही. घाईत आधी गळाच उघडला की तो पुरावा गेला, पुन्हा मिळत नाही.

रकाने भरण्याबद्दल एक तक्रार, आमच्याच जमातीची. प्रत्येक अवयवापुढे ‘कंजेस्टेड’ एवढंच लिहून पुढे सरकायची सवय मला पटत नाही. रक्त साकळलेलं मेल्यानंतर कितीतरी प्रेतांत दिसतं. त्या एका शब्दानं वाचणाऱ्याला काही कळत नाही, आणि दहा वर्षांनी साक्षीला उभ्या राहिलेल्या डॉक्टरलाही आठवत नाही की आपण काय पाहिलं होतं. शरीर तर त्याच संध्याकाळी स्मशानात किंवा कब्रस्तानात गेलेलं असतं. लिहिलं नाही म्हणजे पाहिलं नाही, कोर्ट असंच धरून चालतं, आणि माझ्या मते बरोबरच करतं.

आता तुमची विहीर.

बुडून मेलेल्या माणसाच्या अंगावर ‘हा बुडून मेला’ असं सांगणारी एकच एक पक्की खूण नसते. ताज्या प्रेतात बरंच काही मिळतं. नाकातोंडाशी बारीक, पांढरा, चिवट फेस, पुसला तरी पुन्हा येणारा. फुगलेली, जड फुफ्फुसं, त्यांवर फासळ्यांचे वळ. श्वासनलिकेत तसाच फेस, कधी गाळ. क्वचित मुठीत घट्ट धरलेलं गवत किंवा शेवाळ, आणि ते मिळालं तर सोन्याहून मोलाचं, कारण पाण्यात पडताना माणूस जिवंत होता हे त्यावरून कळतं. पण तिसऱ्या दिवशी? प्रेत आधी तळाशी जातं आणि कुजताना आत वायू धरला की वर येतं. आपल्या उन्हाळ्यात ते साधारण दिवसाभरात तरंगू लागतं. म्हणजे तुमचा भाऊ दिसला तेव्हा कुजणं चांगलंच सुरू झालेलं होतं. कुजताना तो पांढरा फेस नाहीसा होतो, त्याच्या जागी लालसर, दुर्गंधीचं पाणी येतं. फुफ्फुसं ढिली पडतात, फासळ्यांचे वळ पुसले जातात. पाण्यात असेपर्यंत प्रेत त्या मानानं हळू कुजतं, पण बाहेर काढून उन्हात ठेवलं की झपाट्यानं बिघडतं. मोहोळहून सोलापूरला येईपर्यंतचा वेळही त्यात धरा.

तळव्यांची कातडी सुरकुतून पांढरी पडते. ती खूण ‘शरीर पाण्यात होतं’ एवढंच सांगते. मेलेल्याला टाकलं तरी ती येतेच.

ओठ आणि कानाची पाळी कुरतडलेली होती, त्यावरून गावात काय बोललं गेलं असेल याची मला कल्पना आहे. विहिरीत मासे असतात, खेकडे असतात, कासव असतं. ते मऊ जागा आधी धरतात: पापण्या, ओठ, कान, बोटांची टोकं. अशा जागी कडा खाल्ल्यासारख्या असतात आणि भोवती रक्त उतरलेलं नसतं. मृत्यूनंतरची जखम म्हणून तिची नोंद वेगळी करायची असते. अहवालात तशी ओळ आहे का पाहा.

डोक्यामागची जखम हा खरा कळीचा मुद्दा. आपल्याकडच्या जुन्या विहिरी दगडी बांधाच्या, पायऱ्यांच्या. उन्हाळ्यात पाणी खोल गेलेलं. वरून पडणारा माणूस सरळ पाण्यात जात नाही, तो काठावर, पायरीवर, मोटारीच्या पाइपावर आपटत जातो. त्यानं कातडी फाटते, कवटीला तडाही जाऊ शकतो. हे पडल्यानं होतं, ढकलल्यानं होतं, पाय घसरल्यानं होतं आणि उडी मारल्यानंही होतं. जखम सगळ्यांत सारखीच. ती कशानं झाली असू शकते इतपत डॉक्टर सांगतो. काठावर त्या वेळी दुसरं कोण उभं होतं, हे शरीरावर कुठेही लिहिलेलं नसतं. ते पोलिसांनी शोधायचं. वर आणखी एक पेच: जिवंतपणी झालेल्या जखमेच्या कडांत रक्त मुरतं, पण तासन्‌तास पाण्यात राहिलेल्या जखमेतलं रक्त धुऊन जातं, आणि ती मेल्यानंतर झाल्यासारखी फिकी दिसते. म्हणून कडेचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवतात. कुजलेल्या ऊतीत तेही दर वेळी साधत नाही.

उरतो प्रयोगशाळेचा आधार. डायटम म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शैवालं, सिलिकाच्या कवचाची. जिवंत माणूस पाणी ओढतो तेव्हा ती फुफ्फुसांतून रक्तात आणि तिथून हाडांच्या मगजापर्यंत जातात. मेलेल्याचं हृदय बंद असल्यानं तिथवर पोचायला वाहनच नसतं. म्हणून मांडीचं हाड किंवा उरोस्थी राखून ठेवतात. पण त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना सोबत गेला तरच तुलना होते. तो पोलिसांनी भरून आणायचा असतो, आणि तो राहून गेल्याचं मी वारंवार पाहिलंय. तुमच्या केसमध्ये तो घेतला का, हे आजच विचारा. डायटम मिळाले नाहीत म्हणून बुडण्याची शक्यता संपत नाही, स्वच्छ पाण्याच्या विहिरीत ते मुळातच कमी असतात.

आणि व्हिसेरा कशासाठी? द्राक्ष, डाळिंब, उसाच्या या जिल्ह्यात प्रत्येक गोठ्यात, प्रत्येक खोपीत फवारणीचा डबा असतो. ‘औषध प्यायला’ म्हटलं की आपल्याकडे काय समजायचं ते सगळ्यांना कळतं. औषध पिऊन विहिरीकडे गेलेला माणूस, दारू पिऊन काठावरून घसरलेला, कुणी काही पाजून टाकलेला, हे तिन्ही वरवर सारखेच दिसतात. म्हणून जठर त्यातल्या ऐवजासह, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, यकृताचा साधारण पाचशे ग्रॅमचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग आणि प्लीहा काढून ठेवतात. जठर-आतडं एका रुंद तोंडाच्या बरणीत, बाकीचं दुसऱ्या बरणीत. वर खायच्या मिठाचं संपृक्त द्रावण. फॉर्मॅलिन इथे चालत नाही, त्यानं विष शोधणं अवघड होऊन बसतं. रक्त वेगळ्या कुपीत, शक्यतो मांडीच्या शिरेतून. मिठाच्या त्याच द्रावणाचा थोडा नमुनाही पाठवतात, म्हणजे उद्या कुणी ‘विष तुमच्या मिठातच होतं’ म्हणायला नको. झाकण घट्ट, त्यावर कापड, दोरा, लाख, लाखेवर मुद्रा. चिठ्ठीवर शवविच्छेदन क्रमांक, नाव, तारीख, पोलीस ठाणं, सही. त्याच मुद्रेचा ठसा एका कोऱ्या कागदावर घेऊन तोही सोबत. शिपाई पावतीवर सही करून बरण्या घेतो. प्रयोगशाळेत पहिलं काम मुद्रा जुळवण्याचं असतं. सील तुटलेलं निघालं, तर आत काहीही सापडलं तरी कोर्टात त्याची किंमत राहत नाही.

व्हिसेरा म्हटलं की एक शंका येतेच, तोंडावर कुणी विचारत नाही: किडन्या विकतात का? रक्ताभिसरण थांबून तास उलटून गेलेल्या शरीरातली किडनी कुणालाच बसवता येत नाही. डोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. बुबुळावरचा पारदर्शक पडदा मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घेता येतो, तोही घरच्यांनी स्वतः दिला तर, आणि पोलीस केस असेल तर तपासाला बाधा नाही हे पाहून. नमुन्यांपुरतं काढून झालं की बाकीचे अवयव आत ठेवून शरीर सलग टाक्यांनी शिवतात, धुतात आणि मगच ताब्यात देतात.

हे सगळे अहवाल येईपर्यंत डॉक्टरकडे काय असतं? विष नाकारता येत नाही, बुडणं सिद्ध करता येत नाही, डोक्याच्या जखमेनं मृत्यू आला असं म्हणायला पुरेसा आधार नाही. अशा वेळी ‘मत राखून ठेवले’ हीच प्रामाणिक ओळ. अंत्यविधीसाठी आणि नोंदीसाठी जे मृत्यूचं तात्पुरतं प्रमाणपत्र लगेच देतात, ज्याला सगळे ॲडव्हान्स सर्टिफिकेट म्हणतात, त्यावरही हीच ओळ येते. तुमच्या हातात बहुधा तेच आहे. सविस्तर नोंदी, म्हणजे पी.एम. नोट्स, तो वेगळा आणि कितीतरी पानांचा कागद. तो तपास अधिकाऱ्याकडे जातो. आधी तो मिळवा, मग डॉक्टरबद्दल मत बनवा. त्यातही ‘खून’ किंवा ‘आत्महत्या’ हा शब्द शोधू नका, तो आमच्या अखत्यारीत नाही. आम्ही कारण लिहितो, आणि गरज पडल्यास ‘ही जखम सर्वसाधारण परिस्थितीत मृत्यू घडवायला पुरेशी आहे’ एवढं सांगतो. तेही तज्ज्ञाचं मत म्हणून. वकिलानं ‘डॉक्टर, ही जखम दगडावर पडूनही होऊ शकते ना?’ विचारलं की खरं उत्तर ‘होऊ शकते’ असंच असतं, आणि वकीलसाहेब खुशीत बसतात. त्यात डॉक्टर फिरला असं काही नसतं.

आता तुम्ही काय करायचं. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला अजून सगळे जुन्या सवयीनं सी.ए. (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट म्हणतात, यायला महिने लागतात. तो थेट तुमच्याकडे येत नाही, पोलीस ठाण्याकडे येतो. तिथे तो फाइलला लागून पडून राहण्याचीच शक्यता जास्त. तपास अधिकाऱ्यानं तो अहवाल पी.एम. नोट्ससह, ज्या डॉक्टरनं शवविच्छेदन केलं त्याच्याकडे अंतिम मतासाठी पाठवायचा असतो. पाठवलाच नाही, तर ‘राखून ठेवलेलं’ मत वर्षानुवर्षं राखलेलंच राहतं, आणि अपघाती मृत्यूच्या विम्याचं किंवा शेतकरी अपघात अनुदानाचं प्रकरण त्या एका ओळीवर अडकतं. म्हणून ए.डी. क्रमांक आणि शवविच्छेदन क्रमांक लिहून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात तीनच गोष्टी विचारा: व्हिसेरा आणि हाड कोणत्या तारखेला प्रयोगशाळेत जमा केलं, विहिरीच्या पाण्याचा नमुना दिला का, आणि अहवाल आला असल्यास अंतिम मतासाठी डॉक्टरकडे पाठवला का. दाद लागली नाही तर तोच अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे द्या, ए.डी.चे कागद शेवटी त्यांच्याकडेच जातात. सी.ए. रिपोर्टमध्ये ‘विष आढळले नाही’ असं आलं, तरी लगेच सुटकेचा किंवा संशयाचा निःश्वास टाकू नका. उलट्या झाल्या असतील, विष फार थोडं उरलं असेल, तर ते सापडत नाही. पी.एम. नोट्स, डायटम आणि सी.ए. रिपोर्ट हे तिन्ही समोर ठेवून डॉक्टर जे लिहील, ते अंतिम मत. ते हातात आल्यावर १७ आणि १९ व्या रकान्यांशी जुळतंय का बघा, आणि जुळत नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाला तेच कागद दाखवा.